शाल मिळाली, नारळ राहिला

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच हा चहाचा कप तुमच्या हातात देते. हसलात की कप हलतो, आणि सोफ्याचं कापड नवीन आहे.

लोक नेहमी दुसऱ्याची फजिती सांगतात. मी आज स्वतःची सांगणार आहे. मोठेपणा वगैरे काही नाही त्यात. आमच्या इमारतीतल्या बाकी सगळ्यांच्या सांगून संपल्या, एवढंच.

आमचं दार जिन्याच्या अगदी तोंडाशी. आता दार तिथे आहे हा काय माझा दोष? कोण वर गेलं, कोण खाली आलं, कुणाच्या पिशवीतून मेथी डोकावते आणि कुणाच्या पिशवीतून बिर्याणीचा वास येतो, हे सगळं आपोआप कळतं. कळलं की विचारावं लागतं. न विचारणं बरं दिसतं का? आमचे हे म्हणतात, "पोलीस चौकी इथेच हलवायला सांग. त्यांचा पगार वाचेल."

ह्यांना तेवढंच सुचतं.

तर समोरच्या दारात वर्षा राहते. पस्तिशीची सून, बोलायला फटकळ, पण पोरगी गुणाची. तिच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली आणि तो घरी बसला. तेव्हा हिने पदर खोचला आणि वृद्धांची काळजी घ्यायला शिकवतात तो नर्सिंग असिस्टंटचा कोर्स केला. क्लास मंडईच्या जवळच. पास झाली की खराडीला एका वृद्धांच्या केंद्रात नोकरी पक्की. तिकडे मुलं दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतात, मग आईबापांना उठवायला-बसवायला कुणीतरी लागतंच की.

लेखी परीक्षा झाली झकास. प्रात्यक्षिकात मात्र एकदा नापास झाली. काय बिनसलं ते मी खोदून खोदून विचारलं, पण तिने दर वेळी विषय बदलला. माझ्यापुढे विषय बदलू शकणारी आख्ख्या इमारतीत ती एकटीच. आता दुसरी संधी होती आणि तीच शेवटची. घरातलं सगळं त्या एका परीक्षेवर टांगलेलं.

अशात एक दिवस जिन्यात मला म्हणाली, "काकू, गुरुवारी मोकळ्या आहात?"

"का गं?"

"माझी परीक्षा आहे. सोबत एक वडीलधारी व्यक्ती न्यायची असते. सासूबाई नाही म्हणतायत. तुम्ही याल?"

"म्हणजे सगळ्यांसमोर?"

"हो, परीक्षक असतात, क्लासच्या बायका असतात. तुम्ही फक्त..."

"पुढे बसायचं."

"हो, पुढेच. पण काकू, तिथे काय असतं ते तुम्हाला..."

"अगं, मला काय सांगतेस? कळलं मला!"

आता खरं सांगा, पुण्यात माणूस जन्माला कशासाठी येतो? कधी ना कधी, कुठे ना कुठे प्रमुख पाहुणा होण्यासाठी. कुणाचा नंबर लवकर लागतो, कुणाचा उशिरा. माझा लागलाच नव्हता. एकदा रांगोळी स्पर्धेत परीक्षक होते, पण तिथे भांडणं नकोत म्हणून सगळ्यांनाच परीक्षक केलं होतं. रांगोळ्या काढायला माणूस उरलं नाही.

घरात शिरले ती हवेतच. "अहो, मला पाहुणी म्हणून बोलावलंय."

पेपरमधून डोकं न काढता हे म्हणाले, "कुठे?"

"वर्षाच्या क्लासमध्ये. ज्येष्ठ म्हणून. दोन शब्द बोलावे लागतील."

"दोनच?"

"हो."

"मग त्यांना तुझी नीट माहिती मिळालेली नाही."

मी लक्षच दिलं नाही. तयारीला लागले. केसांना कलप लावला, पार्लरमध्ये जाऊन चेहरा चकचकीत करून घेतला. मुलाच्या लग्नातली जांभळी पैठणी काढली आणि उंच टाचेच्या चपला घातल्या. चष्मा मुद्दाम घरी ठेवला. फोटोत काच चमकते ना! आणि भाषण? भाषण पाठ. दहावी काठावर पास झालेय मी, पण पाठांतरात कुणाला हार गेले नाही.

गुरुवारी वर्षाने दार वाजवलं आणि मला बघून तिथेच थबकली.

"काकू... एवढं?"

"तुला कमीपणा नको यायला."

"आणि केस काळे केलेत?" तिचा चेहराच पडला.

"का गं, शोभत नाहीत?"

"शोभतात हो. पण मला पांढरे जास्त उपयोगी पडले असते."

मी मनात म्हटलं, परीक्षेची धास्ती आहे बिचारीला, काहीही बोलतेय. रिक्षात तिने एकदा-दोनदा "काकू, ऐका ना..." केलं. मी तिच्या मांडीवर थोपटलं आणि म्हटलं, "तू तुझा अभ्यास आठव. माझी काळजी करू नकोस." एवढं बोलून मी डोळे मिटून भाषणाची उजळणी सुरू केली. तीही मुकाट्याने धडे पुटपुटत बसली.

क्लासच्या बाहेर बाकांवर सात-आठ म्हातारी माणसं बसली होती. प्रत्येकाशेजारी एकेक बाई, कुणी त्यांना पाणी देतंय, कुणी स्वेटर नीट करतंय. मला वाटलं, श्रोते म्हणून ज्येष्ठ नागरिक संघ आलेला दिसतोय. मी सगळ्यांकडे बघून मान लववली. "बसा, बसा, उठू नका," म्हटलं. कुणी उठत नव्हतंच.

एका टोपीवाल्या आजोबांनी विचारलं, "तुमचा नंबर कितवा?"

"माझा नंबर नाही हो. मी पाहुणी आहे."

त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. "पहिल्यांदा मलाही तसंच वाटलं होतं."

यावर माणसाला शंका यायला हवी की नको? मला नाही आली!

आतून वर्षाचं नाव पुकारलं आणि मी तिच्या पुढे होऊन आत गेले. मोठी खोली, एसी लावलेला, भिंतीशी क्लासच्या बायका ओळीने उभ्या. मध्ये टेबल आणि टेबलामागे गादीची खुर्ची. मी तडक जाऊन त्या खुर्चीत बसले. पैठणीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि समोर बघून हसले.

दारातून एक बाई आल्या. पांढरा कोट, पन्नाशीच्या आतल्या, कपाळावर कायमची आठी. मेट्रनबाई. त्याच परीक्षक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं.

"तिथे मी बसते."

"अगंबाई, मग मी?"

"स्टुलावर."

म्हटलं, मुख्य खुर्ची अध्यक्षांची, पाहुण्यांना बाजूची. रीतच आहे. बसले स्टुलावर. इतक्यात वर्षा मागून आली आणि तिने माझ्या खांद्यांवर शाल घातली!

आता मला सांगा, ऐन पुण्यात, दहा माणसांसमोर, पाठीमागून कुणी शाल घातली तर माणूस काय समजेल? मी उठले. शाल दोन्ही हातांनी सावरली, नमस्कार केला. नारळासाठी ओंजळ थोडी पुढे केली. नारळ कुणी देईना. म्हटलं, आणायला गेले असतील. आणि सुरू केलं:

"अध्यक्ष महोदया, उपस्थित मान्यवर आणि माझ्या तरुण मैत्रिणींनो! आज आपण माझा जो हा सत्कार केलात, त्याला मी कितपत पात्र आहे..."

खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. म्हणजे बाकीच्यांना.

मेट्रनबाईंनी मला मध्ये तोडलं नाही. त्या शांतपणे वर्षाकडे वळल्या. "वर्षाबाई, हे जे चाललंय ते काय आहे? आजार की वय?"

वर्षा म्हणाली, "स्वभाव, मॅडम."

त्या सगळ्या बायका अशा हसल्या, अशा हसल्या की एकीला भिंत धरावी लागली. मी उभीच. माझं 'कितपत पात्र आहे' हवेत लोंबकळत राहिलं.

"बसा बाई," मेट्रनबाई म्हणाल्या. "शाल का घातली, वर्षाबाई?"

"वय वाढलं की कातडीखालची चरबी कमी होते, मॅडम. थंडी लवकर वाजते. म्हणून कामाला लागण्याआधी अंगावर पांघरूण द्यायचं."

"बरोबर. आता वयानुसार शरीरात होणारे नेहमीचे बदल यांच्यावर दाखवा. प्रत्येक वेळी सांगायचं, हा आजार की वय."

यांच्यावर! म्हणजे माझ्यावर! अहो, प्रमुख पाहुणी कसली, मी शाळेतल्या त्या खडूने काढलेल्या बेडकाच्या आकृतीसारखी तिथे बसले होते! बाहेरचे आजोबा तसं का म्हणाले ते आता कळलं. वर्षा मला रिक्षात काय सांगायला बघत होती तेही कळलं.

मग मला आला राग. आणि पुणेरी माणसाला राग आला की तो आरडाओरडा करत नाही. तो सगळं नाकारतो.

वर्षाने माझ्या हाताच्या पाठीवरची कातडी हलकेच चिमटीत धरली आणि सोडली. "बघा मॅडम, पूर्वीसारखी चटकन सपाट होत नाही."

"माझी लहानपणापासून हळूच होते," मी म्हटलं. "आमच्या माहेरची कातडीच शांत."

मेट्रनबाईंनी एक कागद पुढे केला. "हे वाचा." मी कागद धरला, लांब नेला, आणखी लांब नेला.

"हात पुरत नसेल तर कागद घेऊन मी मागे सरकते."

"काही नको! 'रुग्णांनी शांतता राखावी,'" मी ठणकावून वाचलं.

"हा खालच्या कॅन्टीनचा मेन्यू आहे. पहिल्याच ओळीत मिसळ आहे."

"उजेड कमी आहे इथे."

मग त्या उठून माझ्या मागे गेल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. मी आपली समोर बघत बसले. क्लासच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"मी विचारलं, चहा घेणार का," मेट्रनबाई पुढे येत म्हणाल्या.

"ऐकलं की मी! पण पहिल्यांदा विचारल्यावर लगेच हो म्हणायचं नसतं."

"स्टुलावरून उठून दाखवा. हाताचा आधार न घेता."

एकदा जोर केला, पुन्हा केला. शेवटी वर्षाच्या खांद्याला धरून उठले. "पैठणी जड आहे," मी म्हटलं. "खरी जर आहे."

मेट्रनबाईंनी पेन खाली ठेवलं. कपाळावरची आठी आणखी खोल झाली. "वर्षाबाई, मागच्या वेळी तुमच्या सासूबाई माझ्याशी भांडून निघून गेल्या. आज या बाईंना तर काहीच झालेलं नाही असं त्यांचंच म्हणणं. सोबत आणलेल्या एका माणसाला तुम्हाला विश्वासात घेता येत नसेल, तर तिकडे खराडीला इतकी माणसं कशी सांभाळणार? कोण ठेवेल तुम्हाला?"

वर्षा माझ्या शालीचं टोक नुसतं सरळ करत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेवढं मला चष्म्याशिवायही दिसलं.

घरी तो नवरा फोन हातात धरून वाट बघत बसला असणार. आणि मी इथे माझी कातडी शांत आहे म्हणून भांडत होते!

"बोल गं," मी म्हटलं. "जे दिसतं ते बोल."

"काकू, रागावणार नाही ना?"

"रागावेन. पण घरी गेल्यावर. तू बोल."

एवढं म्हणायची खोटी, पोरगी सुटली की हो!

"मॅडम, मी यांच्या समोरच राहते, रोज ऐकते. काकू म्हणतात, पेपरवाले हल्ली अक्षरं बारीक छापतात. अक्षरं तेवढीच आहेत, डोळ्यातलं भिंग ताठर झालंय. आजार नाही, वय. काकू म्हणतात, हल्लीची पोरं ओठातल्या ओठात बोलतात. कानाला बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी कमी येतात. अशा माणसाशी ओरडून बोलायचं नाही, समोर येऊन, सावकाश, खालच्या पट्टीत बोलायचं. काकू म्हणतात, मिठात पूर्वीसारखा खारटपणा राहिला नाही, म्हणून काकांची आमटी खारट होते. जिभेची चव कमी झालीय. वय!"

"तरीच!" मागून एक बाई म्हणाली. तिचा काय संबंध होता देव जाणे.

"काकू म्हणतात, बसच्या पायऱ्या उंच केल्यात. मंडईपासून घरापर्यंतचा रस्ता दरवर्षी थोडा थोडा लांब होतोय. गुडघ्यातली गादी झिजलीय, स्नायूंचा जोर कमी झालाय. यांना हाताला धरून ओढायचं नाही, आपला खांदा द्यायचा आणि त्यांच्या वेळाने उठू द्यायचं. काकू म्हणतात, सुताराने वरचं फडताळ न विचारता वर सरकवलं. फडताळ तिथेच आहे, मॅडम. पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबून काकू बुटक्या झाल्यात."

अहो, मी! जिन्यात उभी राहून मी सगळ्यांवर नजर ठेवते असं मला वाटत होतं. आणि इतकी वर्षं ही समोरच्या दारातून माझी तपासणी करत होती! पण काय अस्खलित बोलत होती पोरगी! मलाही चेव आला. "आणि सारखं बाथरूमला जावं लागतं, तेही सांग ना!" मी म्हटलं. "विसरलीस का?"

"ते मी शेवटी घेणार होते, काकू."

"स्मरणशक्ती?" मेट्रनबाईंनी पुन्हा पेन उचललं होतं.

"नावं उशिरा आठवतात, पण आठवतात. ते वय. मात्र ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, घरच्या माणसाचं नाव न आठवणं, हे नुसतं वय म्हणून सोडायचं नाही. लगेच सिस्टरना कळवायचं."

"छान. आता शेवटचं." मेट्रनबाई माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमच्या मिस्टरांचं नाव काय?"

झालं!

आता काय सांगायचं यांना? लग्न झाल्यापासून ह्यांचं नाव मी तोंडाने घेतलेलं नाही. बँकेत लिहून देते. डॉक्टरांकडे बोट दाखवते. गॅसवाल्याचा फोन आला तर नाव तोच वाचतो, मी नुसतं हो म्हणते. आणि इथे परक्या दहा बायकांसमोर एकदम नाव?

मी पदराशी चाळा करत राहिले.

"आठवत नाही?"

"आठवतं हो!"

"मग सांगा."

"असं कसं सांगू?"

मेट्रनबाई नवऱ्याला सरळ नावाने हाक मारणाऱ्यांतल्या असाव्यात. त्यांच्या ते डोक्यातच आलं नाही. त्यांचा चेहरा गंभीर झाला. "वर्षाबाई, यांना नवऱ्याचं नाव आठवत नाहीये. तुम्हीच आत्ता म्हणालात, याला वय म्हणायचं नाही. मग ही गोष्ट इतके दिवस शेजारी राहून तुमच्या लक्षात आली नाही?"

"मॅडम, हा आजार नाही!"

"मग वय?"

"वयही नाही. संस्कार आहेत, मॅडम!" वर्षा माझ्याकडे वळली आणि दातओठ खात म्हणाली, "काकू, घ्या ना नाव. उखाण्यात घ्या, पण घ्या!"

उखाण्यात! माझ्या लग्नातला उखाणा? तो त्या वेळी दुसऱ्या कुणीतरी करून दिला होता, आणि त्यात चांदीची वाटी होती की सोन्याचं ताट हे खरंच आठवेना. आठवत नाही म्हणावं तर पोरगी नापास! मी डोळे मिटले, शाल डोक्यावरून घेतली आणि जागच्या जागी जुळवलं:

"केसांना लावला कलप, तरी गुडघे देतात साक्ष,
श्रीकांतरावांचं नाव घेते, वर्षाकडे द्या लक्ष!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! मघाची ती भिंत धरलेली बाई खालीच बसली. मेट्रनबाईंची ती कायमची आठी पहिल्यांदा सुटली. "डोकं ठणठणीत आहे यांचं," त्या म्हणाल्या. "पास करायला माझी हरकत नाही." आणि पेन टेकवता टेकवता थांबल्या. "फक्त एक राहिलं. सोबतची व्यक्ती पासष्टीच्या पुढची असावी लागते, नाहीतर परीक्षा धरत नाहीत. बाई, तुमचं वय?"

माझं वय मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. साठी अजून यायचीय, एवढंच समजा. मी बाणेदारपणे तोंड उघडलं, आणि वर्षाकडे नजर गेली. ती निर्धास्त उभी होती. चेहऱ्यावर काळजीची रेघ नाही. म्हणजे त्या पोरीने मला पासष्टीच्या पुढची धरूनच आणलं होतं! मनापासून!

खरं सांगावं तर नोकरी गेली. आयुष्यभर दोन-दोन वर्षं चोरत आलेल्या बाईने त्या खोलीत शाल आवळून घेतली. म्हटलं, आता खोटं बोलायचंच आहे तर काठावर कशाला? काठावर दहावी केली तेवढी पुरे.

"बहात्तर," मी म्हटलं.

वर्षाने मान डोलावली. एकाही बाईने भुवई वर केली नाही. मेट्रनबाईंनी सही केली, वर्षाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पास. एक तारखेपासून खराडीला हजर व्हायचं." वर्षा आधी त्यांच्या पाया पडली, मग माझ्या पडली, मग रडायला लागली. मीही रडले. तो आजार नव्हता आणि वयही नव्हतं.

निघताना मेट्रनबाईंनी मला दारापर्यंत सोडलं. माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. "बहात्तर! खरं सांगू? वाटत नाही हं तुम्ही तेवढ्या."

इतक्या अपमानानंतर काय गार वाटलं जिवाला! मी पदर सावरला, मान वेळावली. "अहो, सगळे असंच म्हणतात."

"हो ना," त्या म्हणाल्या. "मी पंच्याहत्तर धरून चालले होते."